कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? : मुलांबरोबर हसत वाचण्याची घरगुती रीत

धाकट्याच्या सातव्या वाढदिवसाला मी बोधकथांचा एक संच आणला होता. जाड पुठ्ठ्याची बांधणी, गुळगुळीत कागद, प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. रोज रात्री एक गोष्ट वाचायची आणि मग विचारायचं, ‘यातून काय शिकलास?’ पहिले चार दिवस त्यानं ‘खोटं बोलू नये’ असं उत्तर दिलं. गोष्ट कुठलीही असो, उत्तर तेच, आणि बहुतेक वेळा ते खपूनही जायचं. दुसऱ्या आठवड्यात साहेबांना साडेसातलाच झोप यायला लागली.

मग एका संध्याकाळी वीज गेली. काळोखात त्याला एका जागी बसवायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी म्हटलं, ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’

‘सांग.’

‘सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’

‘हो.’

‘हो काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’

तो चिडला, मग हसला, मग हुशारी करून गप्प बसला. ‘गप्प काय बसतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ थोरलीही येऊन सामील झाली. वीज आली तेव्हा दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली होती, आणि धाकट्यानं विचारलं, ‘ही गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे?’ पुस्तकाची चौकशी त्यानं आपणहून करण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं आमच्या घरी गमतीदार, अद्भुत, बिनबुडाच्या गोष्टी एकत्र वाचणं चालू आहे. शनिवारी सोसायटीतली चार-पाच पोरंही येऊन बसतात. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमानं लिहिते. मी शिक्षिका नाही. पण चुका पुष्कळ करून झाल्या आहेत.

अद्भुत आणि विनोद, दोन्ही एकत्र का

साधी विनोदी पुस्तकं मराठीत भरपूर आहेत आणि त्यातली काही फार चांगली आहेत. पण जुनी पुस्तकं वाचताना मला दर पानाला थांबावं लागायचं. पाटा-वरवंटा म्हणजे काय, कंदील का लावायचे, मास्तर छडी का मारायचे. समजावून सांगेपर्यंत विनोद शिळा होतो. अद्भुत गोष्टीत ही अडचण येत नाही. बोलणारा भोपळा कोणीच पाहिलेला नाही. मुलानं नाही, मी नाही, आजोबांनीही नाही. त्या देशाचे कायदे सगळ्यांनाच नवे असतात, त्यामुळे सात वर्षांचा आणि चाळीस वर्षांची एकाच पायरीवर उभे राहतात. मुलांना ही बरोबरी लगेच जाणवते.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. मूल हसलं म्हणजे त्याला कळलं. भित्रा राक्षस हा विनोद कळायला राक्षस भित्रा नसतो हे आधी ठाऊक असावं लागतं. उलटापालट समजायची तर सुलट डोक्यात हवं. त्यामुळे वेगळी परीक्षा घ्यायची गरजच उरत नाही, कारण हसू हीच आकलनाची पावती. ‘कळलं का?’ हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तो तेव्हापासून.

घरातली मोठी माणसं कधीकधी नाकं मुरडतात. ‘असल्या भुताखेतांच्या, वेड्यावाकड्या गोष्टी कशाला? काहीतरी संस्कारांचं वाचा.’ त्यांना मी विंदा करंदीकरांची आठवण करून देते. ज्यांना ज्ञानपीठ मिळालं त्या कवीनं मुलांसाठी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहिलं, ‘एटू लोकांचा देश’ लिहिलं. यावर सहसा कोणी पुढे बोलत नाही.

पुस्तक निवडताना

दुकानात किंवा वाचनालयात गेलात की पुस्तक मधूनच उघडा आणि एक पान ओठांतल्या ओठांत, पण खरोखर वाचा. तुमचं तुम्हाला जरासुद्धा हसू आलं नाही तर ठेवून द्या. मुलासाठी म्हणून आणलेलं आणि स्वतःला कंटाळवाणं वाटणारं पुस्तक आठ दिवसांवर टिकत नाही. तुमचा आवाज चुगली करतो.

मग बघायचं की संवाद किती आहेत. वर्णनाची लांबलचक पानं मोठ्यानं वाचताना जड जातात, उलट दोन पात्रांची हुज्जत असली की वाचणारा आपोआप रंगतो. एखादं पालुपद पुन्हा पुन्हा येत असेल तर फारच उत्तम, कशासाठी ते पुढे सांगते. प्रकरण दहा-पंधरा मिनिटांत संपणारं असावं. चित्रांत शब्दांपेक्षा वेगळं काहीतरी चाललेलं असावं, म्हणजे तुम्ही वाचत असताना मुलाला ‘आई, हे बघ, मांजराच्या हातात पण तलवार आहे’ असं सांगायला जागा राहते.

टाळायचं काय, तर मुखपृष्ठावर ‘धमाल’ लिहिलेलं आणि शेवटच्या पानावर प्रवचन असलेलं पुस्तक. असली पुस्तकं मुलं बरोबर ओळखतात आणि एकदा फसली की पुढच्या पुस्तकाकडे संशयानंच बघतात. आणखी एक म्हणजे, जाड्या, काळ्या, तोतऱ्या माणसाला हसायला लावणारा विनोद. असलं पान मध्येच आलं तर मी वाचायची थांबते आणि सरळ म्हणते, ‘हे मला नाही आवडलं.’ एवढंच. त्यावर व्याख्यान देत नाही.

सुरुवातीला काय घ्यावं? चार ते सहा वर्षांच्या मुलांना लोककथाच द्याव्यात. भोपळ्यातली म्हातारी, मेणाचं घर बांधणारी चिऊताई. सात-आठला विंदांच्या बालकविता आणि राजीव तांबे यांचं ‘प्रेमळ भूत’. भूत म्हटलं की आमच्या सोसायटीतली पोरं सरसावून बसतात, आणि ते प्रेमळ निघालं की रात्री दिवा लावून झोपायची वेळही येत नाही. त्याच्या पुढच्या वयाला बालनाट्याची छापील संहिता मिळाली तर सोडू नका. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण अनेक मुलांनी रंगमंचावर पाहिलेली असते. नाटक पाहून आल्यावर संहिता हातात दिली की कोण कोणाचा संवाद वाचणार यावरून भांडणं होतात. अशी भांडणं होऊ द्यावीत.

पैसे फारसे लागत नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्या अंकांत हरतऱ्हेच्या गोष्टी आहेत, फक्त आधी आपण बसून निवडाव्या लागतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. तिथे वाचनाच्या चार पातळ्या दिलेल्या असतात आणि पुस्तक उतरवून छापूनही घेता येतं. सार्वजनिक वाचनालयांत बहुतेक ठिकाणी बालविभाग असतो. तिथे मुलाच्या नावावर वेगळं कार्ड काढा. अनामत रक्कम भरतानाची पावती धाकट्यानं स्वतःच्या कंपासपेटीत ठेवली होती, वर्षभर. रद्दीच्या दुकानात कधी ‘चांदोबा’चे जुने अंक मिळाले तर उचलाच. आणि सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणार असाल तर भिलारला अर्धा दिवस ठेवा. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. तिथे लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, कोणाच्याही ओसरीवर बसून वाचा.

वेळ आणि बैठक

सगळीकडे ‘झोपताना गोष्ट वाचा’ असं सांगतात. गमतीच्या पुस्तकांना हे लागू पडत नाही. पोट धरून हसलेलं मूल झोपत नाही, त्याला पाणी लागतं, शू लागते, आणि मग आपलं डोकं फिरतं. आमची वेळ संध्याकाळची, कुकर लावल्यानंतरची. आमटी-भाताच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत जेवढं होईल तेवढं. साधारण पंधरा-वीस मिनिटं. रोज जमलं नाही तरी आठवड्यातून चार दिवस हवंच.

समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. पान दोघांनाही दिसलं पाहिजे. फोन दुसऱ्या खोलीत, आणि आधी आपला.

मोठ्यानं वाचायचं कसं

इथे जरा रेंगाळते, कारण सगळी मजा याच पायरीवर जमते किंवा बिघडते.

आधी एकदा एकटीनं वाचून घ्या. विनोद कुठे आहे ते ठाऊक असलं की त्याच्या आधी श्वास घेता येतो. मी पेन्सिलनं बारीक रेघ मारून ठेवते, वाचनालयाचं पुस्तक असेल तर चिठ्ठी. गमतीच्या शब्दाआधी किंचित थांबायचं आणि स्वतः आधी हसायचं नाही. आपण आधी हसलो की मुलं आपल्याला हसतात, गोष्टीला नाही.

आवाज तीनच पुरतात. एक तुमचा नेहमीचा निवेदनाचा, एक खर्जातला, एक किरकिरा. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायला गेलात तर चौथ्या पानावर राक्षस म्हातारीच्या आवाजात बोलायला लागतो. माझा एकदा लागला. भाची, साडेचार वर्षांची, म्हणाली, ‘मावशी, याला सर्दी झालीय का?’ आम्ही तेच पुढे चालवलं. त्या राक्षसाला शेवटपर्यंत सर्दी होती आणि त्याच्या गुहेत वाफारा घ्यायचं पातेलंही आलं. पुस्तकात यातलं अक्षरही नव्हतं.

बोलीचा उपयोग जरूर करा. छापलेलं ‘मला भूक लागली आहे’ हे वाघाच्या तोंडी शोभत नाही. आमच्याकडे वाघ कोल्हापुरी बोलतो, कारण नवरा तिकडचा आहे. तुमच्याकडे मालवणी बोलेल, वऱ्हाडी बोलेल, अहिराणी बोलेल. एक पथ्य मात्र पाळा. दर वेळी मूर्खालाच गावाकडची बोली आणि राजपुत्राला पुस्तकी भाषा असं करू नका. मुलं ते टिपतात आणि मग गावच्या आजीला हसतात. कधी राजा वऱ्हाडीत बोलू दे आणि त्याचा मठ्ठ प्रधान शुद्ध पुस्तकीत. हे तर जास्तच विनोदी होतं.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक युक्ती म्हणजे मुद्दाम चुकीचं वाचणं. ‘मग म्हातारी वांग्यात बसली.’ लगेच ओरडा होतो, ‘वांग्यात नाही, भोपळ्यात!’ ‘कुठे लिहिलंय?’ आणि बोट पानावर जातं. अक्षरं अजून येत नसली तरी गोष्ट त्या काळ्या रेघांमध्ये कुठेतरी असते, आईच्या मनात नसते, हे त्या बोटाला कळतं.

आता पालुपदाबद्दल. भोपळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. येताना भोपळ्यात बसून येते आणि विचारणाऱ्याला आतूनच सांगते की म्हातारी-बितारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक. भाचीला हे दोन दिवसांत पाठ झालं. तिसऱ्या दिवशी मी ‘चल रे’ म्हणून थांबले आणि बोट ‘भोपळ्या’वर ठेवलं. ती म्हणाली, ‘भोपळ्या.’ बोट पुढे सरकलं. ‘टुणुक.’ आणखी पुढे. ‘टुणुक. हे सेम आहे!’

ती तेव्हा वाचत नव्हती, आठवत होती. पण दोन सारखे शब्द कागदावरही सारखेच दिसतात हे तिनं स्वतः शोधलं. ‘टुणुक’ तसा सोपा शब्द आहे. तीन अक्षरं, दोन ऱ्हस्व उकार, जोडाक्षर नाही. ‘म्हातारी’ अवघड, त्यात सुरुवातीलाच ‘म्ह’. तरी तिला ‘म्हातारी’ही ओळखू यायला लागला, कारण कानाला तो शब्द आधीच माहीत होता. पहिलीत जोडाक्षरं आली तेव्हा फळ्यावरचा ‘म्ह’ पाहून ती वर्गात ‘भोपळ्यातल्या म्हातारीचा म्ह’ असं म्हणाली म्हणे. अंकलिपीत म्ह कशाचाही असो, तिचा भोपळ्यातलाच.

काय विचारायचं, काय नाही

तात्पर्य विचारायचं नाही. ‘तुला कोण आवडलं आणि का’ हेसुद्धा सुरुवातीला नको, तो शाळेतला प्रश्न आहे. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी, जे स्वतः शिक्षक होते, १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा, मोठ्यानं वाचण्याचा. त्यातला दहावा हक्क आहे वाचून झाल्यावर गप्प बसण्याचा. तो मी फ्रिजवर लिहून लावला आहे, मुलांसाठी नाही, माझ्यासाठी.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं, पण गोष्टीच्या आत राहून. ‘तू असतीस तर भोपळ्यात बरोबर काय घेतलं असतंस?’ भाचीचं उत्तर होतं, उशी. धाकट्याचं, चार्जर. थोरलीनं विचारलं, भोपळ्याला आतून ब्रेक असतो का, आणि तिथून अर्धा तास भोपळ्याचं इंजिनिअरिंग झालं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लहान मुलांबरोबर चित्रपुस्तकं वाचण्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचं सार हेच होतं की हळूहळू मूल सांगणारं व्हावं आणि मोठं माणूस ऐकणारं. उघडे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात एखाद-दुसरा शब्द वाढवून परत द्यायचं. भाची म्हणाली ‘उशी’, तर मी म्हणायचं, ‘मऊ उशी, म्हणजे भोपळा गडगडला तरी डोकं आपटणार नाही.’ ती पुढचं सांगते.

पुस्तक त्यांच्या हातात कसं जातं

ही पायरी घाईनं चढता येत नाही.

आधी पालुपद मुलाचं, बाकी सगळं आपलं. मग एका पात्राचे संवाद मुलाचे. कमी बोलणारं आणि गमतीचं पात्र निवडा, एका पानात एकच वाक्य येईल असं. अडखळलं तर दोन क्षण थांबून शब्द हळूच पुरवायचा आणि पुढे जायचं. ‘नीट बघ, काय लिहिलंय?’ असं म्हटलंत की गोष्ट संपली आणि अभ्यास सुरू झाला. मग एक पान तू, एक पान मी. या टप्प्यावर आमच्याकडे धाकटा लबाडी करायचा, चित्र मोठं असलेलं पान स्वतःकडे घ्यायचा. मी कळूनही न कळल्यासारखं केलं.

आणि मग वेताळाची युक्ती. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. राजा बोलला की मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. शेकडो वर्षं लोकांना पुढची गोष्ट ऐकायला बसवणारी ही कळ आहे. तेव्हा आपणही प्रकरणाच्या शेवटी थांबायचं नाही, ऐन मध्यावर थांबायचं. राक्षसानं दार उघडलं आणि समोर कोण होतं तर... ‘चला, कुकर झाला.’ पुस्तक बंद न करता उघडंच पालथं घालून ठेवायचं, मुलाच्या हाताला येईल असं. वाचनालयाचं पुस्तक असेल तर बिचाऱ्या बांधणीसाठी खूण घाला.

पहिले तीन-चार महिने काही झालं नाही. नुसता आरडाओरडा व्हायचा, ‘अजून एक पान!’ मग एका सकाळी मी डबा भरत होते, व्हॅन यायला पाच मिनिटं होती, आणि धाकटा बुटाचा बंद बांधता बांधता म्हणाला, ‘तो राक्षस नाहीच आहे मुळी. आत एक म्हातारा न्हावी आहे.’

आम्ही तिथपर्यंत पोचलो नव्हतो. ‘तुला कसं माहीत?’

तो बुटाकडे बघत राहिला.

इथे दोन चुका होण्याचा संभव असतो. पहिली, ‘माझ्याशिवाय पुढे कसं वाचलंस?’ दुसरी, फोन उचलून आजी, काका, शेजारीण सगळ्यांना सांगणं. मी दुसरी केली. त्या संध्याकाळी आजीनं व्हिडिओ कॉलवर ‘वाचून दाखव बघू’ म्हटलं आणि पुढचे आठ दिवस त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. चोरून वाचलेलं ते त्याचं होतं, मी ते चव्हाट्यावर आणलं. आता पुढचं वाचून झालेलं असलं तरी मी माझ्या वेगानं वाचत राहते आणि तो, पुढे काय होणार ते माहीत असलेल्या माणसाच्या तोऱ्यात, माझ्याकडे बघत बसतो. त्यातही त्याला मजा येते.

एकट्यानं वाचायला लागलं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवणं बंद करू नका. ऐकून समजण्याची झेप वाचून समजण्यापेक्षा बरीच पुढे असते आणि हे अंतर साधारण आठवी-नववीपर्यंत राहतं. चौथीतलं मूल स्वतः पातळ पुस्तकं वाचेल, पण तुमच्याकडून जाडजूड कादंबरी ऐकेल.

इंग्रजी शाळेतली मुलं, परदेशातली मुलं

आमच्या शनिवारच्या टोळीतली निम्मी पोरं इंग्रजी माध्यमातली आहेत. मराठी कळतं, बोलतात फर्डं, पण देवनागरी वाचताना रफार आला की गाडी अडते. त्यांना वरच्याच पायऱ्या लागतात, फक्त पालुपदाच्या आणि एका पात्राच्या टप्प्यावर जास्त दिवस काढावे लागतात. वयाला साजेशी गोष्ट आणि वाचायला एकच ओळ. दहा वर्षांच्या मुलाला ‘कमळ बघ’ छापाचं पुस्तक दिलंत तर तो अपमान समजेल, आणि त्याचं बरोबर असेल.

ती इंग्रजीत जे वाचतात त्याला मराठीत ओढता येतं. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं आहे. दोन्ही भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून आम्ही एक संध्याकाळ नुसती नावावर घालवली. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’चा शब्दशः दगड का नाही केला? परीस म्हणजे काय? लोखंडाला लावला की सोनं. मग घरातलं काय काय परिसाला लावायचं याची यादी. मुलांनी स्वतः भाषांतर करून बघणंही धमाल असतं. इंग्रजीतल्या एखाद्या विचित्र पदार्थाला मराठी नाव द्या म्हटलं की अर्धा तास निवांत. एकानं ‘शेंबडाची बासुंदी’ सुचवलं. मंजूर करावं लागलं.

हो, शेंबूड, ढेकर, पादणं हे सगळं येणारच. सात ते दहा या वयात त्याच्याइतकं विनोदी जगात काही नसतं. मी आधी डोळे मोठे करायचे. आता राक्षसाच्या ढेकरेला मीच सर्वांत लांब आवाज काढते आणि मग त्याचं आकर्षण आपोआप कमी होतं.

परदेशी असलेल्यांसाठी आजी-आजोबा ही मोठी सोय. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथे अक्षरओळख होते. पण मजेसाठी आजोबांचा आवाजच हवा. माझी एक मैत्रीण न्यू जर्सीला असते. त्यांच्याकडे शनिवारी सकाळी, म्हणजे इकडे संध्याकाळी, आजोबा कॉलवर येतात. एकच पुस्तक दोन्हीकडे, छापून घेतलेलं. आजोबा वाघ, नातू म्हातारी. आवाज मध्येच तुटतो तेव्हा वाघ अर्ध्या वाक्यात गोठतो आणि नातवाला तेच सगळ्यांत जास्त आवडतं.

अडचणी, ज्या येतातच

दोन मुलांच्या वयात अंतर असेल तर पुस्तक मोठ्याच्या वयाचं घ्या आणि धाकट्याला आवाजाचं काम द्या. दार करकरणं, घोडा, पाऊस. स्टीलचा डबा आणि दोन चमचे पुरतात.

तेच पुस्तक चाळिसाव्यांदा हवं असेल तर चाळिसाव्यांदा वाचा. कंटाळा आला तर शेवट बदला. मूल तक्रार करेल, मग खरा शेवट त्यालाच सांगू दे.

‘बोअर आहे’ म्हटलं तर वाद घालू नका. पन्नास पानं झाली असली तरी पुस्तक ठेवून द्या. पेनाकचा तिसरा हक्क. एकदा मी हट्टानं एक नावाजलेलं पुस्तक पूर्ण केलं, मुलं माझ्याकडे बसल्या बसल्या मोज्यांचे धागे काढत होती.

आपल्यालाच मूड नसेल तर वाचू नका, पण सांगून टाका. ‘आज डोकं दुखतंय, आज तुम्ही मला सांगा.’ हे आठवड्यातून एकदा झालं तरी चालतं.

दुसरी-तिसरी संपत आली तरी अक्षरं उलटसुलट दिसत असतील, एकच शब्द एका पानावर तीनदा तीन तऱ्हांनी वाचला जात असेल, तर आळशी म्हणून रागावण्याआधी डोळे तपासून घ्या आणि मग अध्ययन अक्षमतेच्या जाणकाराला भेटा. तोपर्यंत वाचून दाखवणं चालूच ठेवा. अशा मुलाला गोष्टींची गोडी बहुधा इतरांइतकीच असते, वाट तेवढी खडबडीत असते.

थोरलीसारखी तेरा-चौदाची मुलं शेजारी बसत नाहीत. तिच्याशी मी आता पेन्सिलनं बोलते. आधी मी वाचते, समासात बारीक शेरे लिहिते, ‘हा प्रधान आपल्या अमुक काकांसारखा’. मग ती वाचते आणि खाली उत्तर लिहिते. हा उद्योग स्वतःच्या मालकीच्या प्रतीवरच करावा.

पुस्तकं संपली की

ऑक्सफर्डचे एक गणिताचे शिक्षक ४ जुलै १८६२ रोजी तीन बहिणींना घेऊन होडीतून फिरायला गेले आणि वाटेत त्यांनी मनानंच एक गोष्ट रचून सांगितली. त्यातल्या एकीनं, ॲलिसनं, ती लिहून द्यायचा हट्ट धरला. १८६५ मध्ये ती ‘ॲलिस इन वंडरलँड’ म्हणून छापली गेली आणि लुईस कॅरल हे त्यांचं टोपणनाव जगभर झालं. म्हणजे ती आधी सांगितली गेली, मग लिहिली गेली. आपल्याला छापायचं नाही, पण क्रम तोच ठेवता येतो.

एक दोनशे पानी वही घ्या. आमच्या वहीवर ‘खड्डेपूर’ असं लिहिलं आहे. तो एक देश आहे. त्याचा नकाशा पहिल्या पानावर, समुद्र वर आणि डोंगर त्याच्या खाली लोंबकळणारे. कोणीही कधीही एक कायदा, एक प्राणी किंवा एक भानगड लिहायची, पण आधी लिहिलेलं खोडायचं नाही, हा एकच नियम. शुद्धलेखन तपासायला बंदी. मलाही. कायदा पहिला, मंगळवारी कारलं विकणाऱ्याला अटक. कायदा चौथा, राजानं स्वतःची चादर स्वतः घडी करावी. कायदा सातवा भाचीनं काढला आहे, म्हणजे चित्रच काढलं आहे, त्यात भोपळा सिग्नलला थांबलेला दिसतो. कायदा नववा धाकट्याचा, ‘कापुसकोंड्याची गोष्ट सांगायला परवाना लागेल’. त्याच्याखाली थोरलीच्या अक्षरात, ‘परवाना कुठे मिळेल?’ आणि त्याच्याखाली पुन्हा त्याच्या, ‘परवाना कुठे मिळेल काय म्हणतेस...’